नानांचा बाब्या आणि दादांचं बटण

नाना खांबेट्यांना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "मिळाला," म्हणतात.

पहिल्या भेटीत मला वाटलं, यांना ऐकायला कमी येत असणार. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून बनारसला आले होते. हातात दोन बॅगा, खांद्याला लॅपटॉप, आणि मंगला गौरीच्या गल्लीत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाईला वाट देता देता जीव मेटाकुटीला आलेला. दारात एक सडपातळ गृहस्थ उभे होते. अंगात बंडी, खांद्यावर गमछा, आणि लोक खिशाला पेन लावतात तसा बंडीच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. मी म्हटलं, "नमस्कार. जागेसाठी मीच फोन केला होता."

"मिळाला."

"काय मिळाला?"

"नमस्कार. फोनसुद्धा मिळाला होता. त्याची पोच तेव्हाच दिली."

मग माझ्या हातातल्या बॅगा हातातच ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं. "ताई, तुम्ही नमस्कार टाकलात. तो मला पोचला की वाटेतच पडला, हे तुम्हाला समजायला नको? मी पण उलट नमस्कार टाकला, तर तो नवा निरोप झाला. त्याची पोच मग तुम्ही द्यायची. आणि पहिल्याची तर राहूनच गेली!"

जिना चढता चढता मी विचार करत होते. माणूस विक्षिप्त आहे एवढं कळलं होतं, पण त्याच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते सापडेना. अजूनही सापडलेलं नाही.

नानांची सगळी नोकरी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात गेली. लग्न केलं नाही. घराच्या तळमजल्यावर ते राहायचे, सगळ्यात वर त्यांचे थोरले भाऊ दादा, आणि मधल्या मजल्यावर भाडेकरू म्हणून मी. दादा घाटावर भिक्षुकी करायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा, श्राद्ध, गंगापूजन, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक लेक सुमा नागपूरला दिलेली. दोन सख्खे भाऊ, एक घर, एक जिना. इतकं सगळं एक असूनही दोघांमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. नाना दादांना "वरचे" म्हणत आणि दादा नानांना "खालचा".

पण त्याआधी मला बाब्या कळला.

पहिल्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. मी जिन्यातून खाली वाकून विचारलं, तर नाना म्हणाले, "बाब्याला सांगा." मला वाटलं, घरात गडीमाणूस असेल. मी जिन्यात उभी राहून "बाब्या, ए बाब्या" म्हणून हाका मारल्या. जिन्याखाली बघितलं, गच्चीवर जाऊन आले. गच्चीवर एक माकड होतं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर मला तोच बाब्या वाटला.

"हाका मारून नाही ऐकत तो," नाना खालून म्हणाले. "या, ओळख करून देतो."

मागच्या खोलीत एका बुटक्या चौरंगावर जुना कॉम्प्युटर बसलेला होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्डही नव्हता. त्याच्या डोक्यावर जास्वंदीचं एक फूल होतं.

"पडदा मीच काढला," नाना म्हणाले. "त्याला कुणाला तोंड दाखवायचंच नाही. तो मागे बसून काम करतो. स्क्रिप्ट आहे ना!"

बाब्या म्हणजे नानांनी लिहिलेली स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रॅम. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आपला आपण सुरू व्हायचा आणि कुठेही न दिसता मागच्या मागे चालत राहायचा. पाण्याचा पंप त्याच्या हातात, जिन्यातला दिवा त्याच्या हातात, गच्चीवरचा भोंगाही त्याच्याच हातात. मात्र त्याच्याशी सरळ बोलायची सोय नव्हती. बोलायचं ते दुसऱ्या प्रोग्रॅममधून. तो दुसरा प्रोग्रॅम नानांच्या फोनमध्ये होता आणि त्यांनी तो त्याच दिवशी माझ्याही फोनमध्ये घातला. फोनवर "पाणी" लिहायचं. फोन तो निरोप एका ठरलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो आणि बाजूला होतो. बाब्या घटकेघटकेला त्या फोल्डरमध्ये डोकावतो. निरोप दिसला की उचलतो, "मिळाला" असं उत्तर ठेवतो, काम करतो, आणि मग "झालं" म्हणतो.

"एवढं कशाला?" मी विचारलं. "त्याला सरळच का नाही सांगायचं?"

"सरळ बोललं की भांडण होतं, ताई. माणसांत पण तसंच. निरोप ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. समोरच्याला फुरसत झाली की उचलेल."

हे तत्त्व ते नुसतं सांगत नव्हते, पाळतही होते. एकदा मी स्वयंपाकघरात दूध ठेवून बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. नाना काही कामानं वर आले, त्यांनी उघड्या दारातून दूध वर येताना बघितलं, खिशातून फोन काढला, आणि मला निरोप टाकला, "ताई, दूध उतू जातंय." मग पोच येण्याची वाट बघत दारात उभे राहिले. मी फोनवर बोलत असल्यामुळे पोच गेली नाही. दूध मात्र गेलं. मी धावत आले तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "निरोप टाकला होता. तुम्ही उचलला नाही." त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पातेलं घालावं असं मला मनापासून वाटलं होतं.

बाब्याच्या बाबतीत नानांचे दोन कडक नियम होते. पहिला म्हणजे त्याला तडकाफडकी बंद करायचं नाही. एकदा तो उत्तर द्यायला वेळ लावत होता, म्हणून मी आपलं सहज सुचवलं की बंद करून परत चालू करा. नानांचा चेहरा पडला.

"म्हणजे गळा दाबू त्याचा? पंप चालू आहे. आत्ता याला उडवला, तर पंप बंद कोण करणार? बिचाऱ्याच्या हातात काम असताना... छे छे! त्याला 'आवर' म्हणायचं. मग तो हातातलं संपवतो, पंप बंद करतो, दिवा घालवतो, 'आवरलं' म्हणतो आणि निजतो."

दुसरा नियम खोट्या पोचेचा. "काम न करता 'झालं' म्हणणं, याच्यासारखं पाप नाही. माझा बाब्या मरेल, पण खोटी पोच देणार नाही." हे ऐकताना मला आमच्या शाखेतले दोन-तीन चेहरे आठवले, आणि बाब्याला बँकेत चिकटवता येईल का, असाही विचार मनात येऊन गेला.

गच्चीवरच्या भोंग्याचं काम माकडांना हाकलण्याचं. आमच्या गल्लीतली माकडं कपडे नेतात, चष्मे नेतात, पापड वाळत घातले तर बसून खातात. ती घाबरतात फक्त लंगुराला. म्हणून नानांनी कुठून तरी लंगुराचा आवाज पैदा केला होता. फोनवर "माकड" लिहिलं की बाब्या भोंग्यावरून तो आवाज काढायचा. पहिले काही दिवस माकडं पळाली. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा लंगूर नुसताच बोलतो, येत कधीच नाही. त्यानंतर त्यांच्यातलं एक म्हातारं माकड भोंग्यावरच बसू लागलं. समोरच्या पांडेजींचं दुकान पानाचं, पण त्यांचा खरा धंदा आमच्या घराकडे बघण्याचा. ते नानांना हटकायचे, "का हो नाना, तोहार लंगूर आज छुट्टी पर हौ का?" नाना गंभीरपणे उत्तर द्यायचे, "लंगूर ड्यूटीवर आहे पांडेजी, बंदरच ढीठ झालेत."

दादा बाब्याला "भूत" म्हणत. "बेटा, खालच्यानं घरात भूत पाळलंय. दिसत नाही, पण सगळीकडे त्याचा हात." मी हे नानांच्या कानावर घातलं, तर ते उलट खूश झाले. म्हणाले, "आमच्या लाइनीत पण मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला भूतासारखंच नाव आहे. वरच्यांना समज आहे. कबूल करत नाहीत, ती गोष्ट वेगळी."

दोघांचं बिनसलं कशावरून, ते मला पांडेजींनीच सांगितलं. जमीन नाही, जुमला नाही. आईच्या श्राद्धाच्या तिथीवरून. एका वर्षी नानांनी तिथी काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यात आईची तिथी एका दिवशी दुपारी येत होती, दादांच्या पंचांगाप्रमाणे दुसऱ्या दिवशी. दादा म्हणाले, शास्त्र मी शिकलोय. नाना म्हणाले, गणित मी शिकलोय. शेवटी एकाच घरात लागोपाठ दोन दिवस एकाच आईचं श्राद्ध झालं, एक वर आणि एक खाली. दोन्हीकडे जेवायला तेच गुरुजी होते आणि त्यांनी दोन्हीकडच्या खिरीला सारखंच नावाजलं. आई कुठल्या दिवशी जेवली, हे काही तिला विचारता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून भावांची तोंडं बंद.

मग एका थंडीत दादांना न्हाणीघरात चक्कर आली आणि ते पडले. खाली नाना होतेच, पण बोलणंच नसल्यामुळे त्यांना पत्ताच नाही. दुपारी यात्रेकरू शोधत आले तेव्हा कळलं. दादा त्यातून बरे झाले. नंतर एक दिवस नाना शिडी, वायर आणि एक घंटीचं बटण घेऊन वर गेले आणि दादांच्या देवघराशेजारी भिंतीवर ते बटण ठोकून, एकही शब्द न बोलता खाली आले. बटणाच्या वर एक लाल दिवा. सकाळी उठल्यावर बटण दाबलं, की निरोप बाब्याला जाणार. बाब्या वरचा दिवा लावून पोच देणार, टाकीत पाणी चढवणार, आणि नानांच्या फोनवर "वरून बटण आलं" असं कळवणार. दादांनीही काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून बटण दाबायला सुरुवात केली. मी राहायला आले तेव्हा ही पद्धत चांगली मुरलेली होती.

बँकेत जाताना मी नानांच्या दारावरूनच जायची. पण एखाद्या दिवशी लवकर निघाले, तर वेगळंच दृश्य दिसायचं. नाना शेगडीपाशी बसलेले. पातेल्यात पाणी, साखर, चहाची पूड, सगळं टाकून तयार. आलं ठेचून झालेलं. गॅस मात्र पेटवलेला नाही, आणि डोळे समोरच्या फोनवर.

"नाना, चहा कशासाठी अडलाय?"

"सकाळची पोच यायचीय."

तेवढ्यात वरून बटण यायचं, फोन वाजायचा, आणि नाना काडी ओढायचे. माझ्यासारख्या मंद बाईलासुद्धा दोन-तीनदा हे बघितल्यावर कळलं, की त्यांना पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. वरचा माणूस उठलाय, चालतोय, देवघरापर्यंत पोचलाय, हे कळल्याशिवाय यांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. पण हे त्यांना कोण म्हणणार? म्हटलं असतं तर "मिळालं" म्हणाले असते.

अशात नागपूरहून सुमाचा फोन येऊ लागला. बाबा, आता इकडेच या, थकलात, पुन्हा पडलात तर काय करायचं? दादा आधी नाही नाही म्हणत होते. मग एक दिवस मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बेटा, दिवाळी झाली की जातो मी नागपूरला. इथे बोलायला कोण आहे मला?" हे त्यांनी खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. त्या संध्याकाळी नाना मागच्या खोलीत बाब्यापुढे बसून होते. मी म्हटलं, "नाना, दादा जायचं म्हणतायत. तुम्ही एकदा 'जाऊ नका' म्हणा ना."

"त्यांनी निरोप तुमच्याकडे ठेवलाय. माझ्याकडे नाही."

"मग तुम्ही ठेवा त्यांच्याकडे!"

त्यांनी बाब्याच्या डोक्यावरचं जास्वंदीचं फूल सरळ केलं. "काय ठेवू?" म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

त्यातच नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, पडद्याकडे बघायचं नाही. नाना आज्ञाधारकपणे एकाच डोळ्यानं बघत होते. दुसऱ्या सकाळी त्यांनी बाब्याला निरोप टाकला. बाब्यानं "मिळाला" असं उत्तर दिलंही, पण ते बारीक अक्षर काळ्या चष्म्यातून त्यांना दिसलं नाही. नानांना वाटलं, बाब्या गेला.

आता यात एक भानगड आहे. बाब्या सुरू होताना आतून कडी लावतो, म्हणजे तशी एक खूण करून ठेवतो, की मी आत आहे, दुसऱ्या बाब्यानं येऊ नये. वीज अचानक गेली तर बाब्या जातो, पण कडी तशीच राहते. मग नानांना ती हातानं काढावी लागते. त्या दिवशी नानांनी पडदा जोडला, एका डोळ्यानं चाचपडत कडी काढली आणि नवा बाब्या आत सोडला. जुना आत जिवंत होता. आयुष्यभर कॉम्प्युटर केलेल्या माणसानं जित्याजागत्याला मेलेला समजून घरात दुसरा बसवला, आणि समाधानानं शेगडीपाशी जाऊन बसला.

त्या दिवशी दादांकडे सांगलीचे यात्रेकरू आले होते. वर पूजा मांडलेली, चौरंग, केळी, पेढे. दादांनी बटण दाबलं. तो निरोप पहिल्या बाब्यानं उचलला आणि पंप सुरू केला. टाकी भरली. नानांनी "बंद" असा निरोप टाकला. तो उचलला दुसऱ्या बाब्यानं. त्यानं पंप चालू केलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या हिशेबी पंप बंदच होता. त्यानं प्रामाणिकपणे उत्तर ठेवलं, "बंद आहे." नानांनी फोन डोळ्याला चिकटवून ते वाचलं आणि निश्चिंत झाले.

टाकी वाहू लागली. पाणी गच्चीवरून दादांच्या देवघरात, तिथून जिन्यात आणि जिन्यातून माझ्या दारात आलं. मी फोनवरून "बंद" टाकलं, तेही दरवेळी त्या दुसऱ्याच्याच हाती लागलं. "बंद आहे." परत टाकलं. "बंद आहे." पंप खाली घरघरत होता, माझ्या पायावरून पाणी जात होतं, आणि फोन सांगत होता, बंद आहे. तेवढ्यात एवढं पाणी बघून माकडं गच्चीवर आंघोळीला जमली. नानांनी घाईघाईनं दोनदा "माकड" टाकलं. एक निरोप एकानं उचलला, दुसरा दुसऱ्यानं. भोंग्यातून दोन लंगूर मागेपुढे ओरडू लागले. इतक्या दिवसांत माकडं पहिल्यांदाच खरोखरची घाबरली आणि वाट फुटेल तिकडे पळत थेट दादांच्या पूजेत उतरली. सांगलीच्या आजीबाई "अगं बाई, हनुमंत!" म्हणून हात जोडून उभ्या राहिल्या. हनुमंतानं केळी घेतली, पेढे घेतले आणि जाताना दादांचं उपरणंही नेलं.

"विष्णूऽ!" दादा वरून नानांचं नाव घेऊन गरजले. मग बोलणं बंद असल्याचं एकदम आठवून यात्रेकरूंकडे वळले आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "खाली भूत आहे, भूत! ते पाळणारा पण भूतच! जातोच मी नागपूरला!"

पांडेजी दुकानातून बाहेर येऊन वर बघत होते. "का हो नाना, आज दू ठे लंगूर बोलत हउवन?"

नाना जिन्यात पाण्यात उभे होते. ते थबकले. "दोन?" त्यांनी कान देऊन ऐकलं. "दोन लंगूर. म्हणजे... दोन बाब्या!"

त्यांनी "आवर" टाकलं. एकानं उचललं. "आवरलं." परत टाकलं. दुसऱ्यानं उचललं. "आवरलं." पंप थांबला, भोंगा थांबला. घरात नुसता जिन्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला. मागच्या खोलीतही पाणी शिरलं होतं आणि बाब्याचा कॉम्प्युटर खालून भिजला होता. नाना गमछ्यानं तो पुसत होते. "माझ्याच बाब्यानं खोटी पोच दिली," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुरता वाळल्याशिवाय सुरू करता येणार नव्हता.

दुपारी मी दादांकडे आवराआवर करायला गेले. सांगलीची मंडळी हनुमंताचं दर्शन झालं म्हणून खुशीत परतली होती. दादा ओल्या पोथ्यांची पानं दोरीवर वाळत घालत होते. मी म्हटलं, "दादा, रागावू नका. नानांना दिसत नाही सध्या."

"राग नाही बेटा. राग केव्हाच संपला. आता नुसती आदत राहिलीय." मग त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं. "मी गेल्यावर एक काम करशील? रोज सकाळी हे बटण दाबत जा."

"ते कशाला? मी आपली फोनवरून पाणी चढवते."

"पाण्यासाठी नाही ग. पंप जळून दुरुस्तीला गेला होता ना, तेव्हापण मी दाबत होतो. मी दाबलं की थोड्या वेळानं खालून आल्याच्या चहाचा वास येतो. एकदा मी उशिरा उठलो. वासच नाही. मी घाबरून बटण दाबलं, तेव्हा आला. तेव्हा समजलं मला, हा पागल चहाशिवाय बसून राहतो." ते हसले. "लहानपणी पण असाच होता. मी शाळेतून येईपर्यंत जेवायचा नाही. आई ओरडायची त्याला. म्हणून म्हणतो, तू दाबत जा. त्याला वाटेल..."

"काय वाटेल? तुम्ही वर आहात असं?" माझा आवाज चढला. "नागपूरला बसलेला माणूस देवघरात आहे असं? मी नाही दाबणार. खोटी पोच मी कुणाला देत नाही. आणि निरोप नेऊन नेऊन मला कंटाळा आलाय. मी काय बाब्या आहे?"

मी पोथीची राहिलेली पानं दोरीवर टाकली आणि खाली आले. थोडं जास्तच बोलले असं वाटलं, पण परत घ्यावं असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाब्या बंदच होता. मी कॉफी घेऊन जिन्यात आले, तर खाली नाना रोजच्यासारखे शेगडीपाशी. पातेलं तयार, आलं ठेचलेलं, समोर फोन. आज तो वाजणार नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी बसले होते. वरून खट् असा आवाज आला. मग परत खट्. मग खट्-खट्-खट्. दादा बटण दाबत होते आणि वरचा दिवा लागत नव्हता.

आवाज थांबला. मग काठी वाजली. दादा जिना उतरत होते. माझ्या शेजारून गेले, पण मी त्यांना दिसलेच नाही. तळमजल्यावर नानांच्या दारात ते थांबले.

"विष्णू."

नाना धडपडत उठले.

"दिवा लागत नाही," दादा म्हणाले. "केव्हापासून दाबतोय."

"बाब्या बंद आहे. भिजलाय. वाळला की लगेच..."

"बाब्याला कोण विचारतंय?"

नाना उभेच राहिले. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं, ते त्यांनी गमछ्यानं टिपलं. "डोळ्यात थेंब घातलेत," असं उगाच म्हणाले.

"बरा आहेस ना?"

"आहे."

"मग चहा ठेव की. वर वास नाही आला." दादा पाटावर बसले, काठी बाजूला ठेवली. नानांनी गॅस पेटवला, आलं टाकलं. दोघांची पाठ एकमेकांकडे नव्हती, तोंडही नव्हतं. दूध घातल्यावर दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "काल सुमाला फोन केला. म्हटलं, मी येत नाही. माझं बटण इथे आहे."

नानांचा हात थांबला. ओठ हलले, पण आवाज येईना. मला दारातून दिसत होतं, पातेल्यात चहा वर येत होता. मी आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. चहा काठापर्यंत आला, काठावरून उतू गेला, गॅस फुसफुसून विझला, आणि तेव्हा कुठे नानांना शब्द सापडला.

"मिळाला," ते म्हणाले.